लहान मुलाचा दात किंवा हिरडी दुखतेय? आधी तोंडात बघा, मग औषधाचं

पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी हे लिहितेय, घरातल्या आजीआजोबांनी वाचलं तर फारच छान, कारण मध्यरात्री पोर गाल धरून रडायला लागलं की घरात सल्ले सुरू होतात, एक जण म्हणतं लवंगेचं तेल लाव, दुसरं म्हणतं दात येताना होतंच असं, आणि कुणीतरी हमखास म्हणतं की दुधाचा दात आहे, पडूनच जाणारे, कशाला डॉक्टर. या शेवटच्या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. समोरचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा पडायला 10 ते 12 वर्षं उजाडतं, म्हणजे 4 वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ त्याला अजून सहा-सात वर्षं वापरायची असते, त्याच दाढेने चपाती चावायची, तिच्याच खाली पक्का दात तयार होत असतो. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तशी ती दाढ पक्क्या दातासाठी जागा धरून बसलेली असते, ती लवकर गेली की शेजारचे दात सरकतात आणि मागून येणारा दात वाकडातिकडा निघतो.

तर आता क्रमाने काय करायचं ते सांगते.

पहिलं काम: मुलाचं वय लक्षात घ्या

वयावरून निम्मा अंदाज येतो. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, बहुतेकदा खालचे समोरचे दोन, पण चौथ्या महिन्यात आला किंवा वर्षाचं होईपर्यंत आला नाही तरी काळजीचं कारण नसतं. दीडेक वर्षाच्या आसपास पहिल्या दाढा, मग सुळे, आणि शेवटच्या मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांत, असे तीन वर्षांपर्यंत 20 दात पूर्ण होतात. (वरचे दात आधी आले की मामाला जड असं म्हणतात, त्यात काही तथ्य नाही, काही मुलांचा क्रमच तसा असतो, मामाला बिनधास्त घरी बोलवा.)

म्हणजे 8 महिन्यांचं बाळ लाळ गाळतंय, हाताला लागेल ते चावतंय, हिरडी थोडी लाल आणि टणक लागतेय, तर दात येत असण्याची शक्यता जास्त. पण 3 ते 5 वर्षांचं मूल दात दुखतोय म्हणत असेल तर नवीन दात येतोय म्हणून सोडून देऊ नका, कारण या वयात नवीन दात येतच नाही, तिथे कीड आहे का, काही अडकलंय का, हेच बघायचं. आणि साधारण 6 वर्षांच्या मुलाला अगदी मागे दुखत असेल तर पहिली पक्की दाढ येत असते. ही दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे गुपचूप येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे कितीतरी आईबाबा तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी लक्ष देत नाहीत. ही दाढ आयुष्यभराची आहे हो. अर्धवट बाहेर आलेली असताना तिच्यावर हिरडीचा पडदा असतो, त्याखाली अन्न अडकून ती जागा सुजते आणि दुखते, मऊ ब्रशने तेवढा भाग नीट साफ ठेवला की बहुतेकदा बरं वाटतं.

आता तापाबद्दल. दात येताना अंग थोडंसं कोमट लागू शकतं, पण 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, पाण्यासारखे जुलाब, उलट्या, हे दात आल्याने होत नाही. मग दात येतानाच मुलं आजारी का पडतात? कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण त्याच वयात कमी होत जाते आणि बाळ रांगायला लागून जमिनीवरचं सगळं तोंडात घालायला लागतं, दोन्ही एकाच वेळेला येतं म्हणून दोष दातावर जातो. दात येतायत म्हणून जुलाब अंगावर काढू नका, ओआरएस सुरू करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरं काम: टॉर्च घ्या आणि तोंडात नीट बघा

हे कुणी करतच नाही, आधी औषधाचं कपाट उघडतात. मोबाइलचा टॉर्च चालतो. लहान मूल तोंड उघडत नाही, त्यासाठी डॉक्टर वापरतात ती पद्धत घरी छान जमते: दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसायचं, मूल एकाच्या मांडीवर त्याच्याकडे तोंड करून, पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना, आणि मग हळूच मागे झोपवून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर घ्यायचं. आई हात धरते, मुलाला आईचा चेहरा दिसत राहतो, आणि डोक्याकडे बसलेल्याला तोंड सरळ दिसतं. पहिल्यांदा रडेल, हरकत नाही, रडताना तोंड उघडं असतं तेवढ्यात बघून घ्या.

आधी हात धुवा, मग वरचा ओठ उचला. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे पांढरी खडूसारखी रेघ दिसतेय का? ती किडीची सुरुवात. पुढे तीच पिवळी-तपकिरी होते, मग दात कडेने तुटत जातो. बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांमध्ये वरचे समोरचे दात आधी जातात आणि खालचे चांगले राहतात, कारण चोखताना जीभ खालच्या दातांवर असते. मग गाल बाजूला करून दाढा बघा, वरून खड्डा दिसतोय का, आणि दोन दाढांच्या मध्ये काळपट सावली आहे का. लोहाच्या ड्रॉप्समुळेही दात काळे पडतात, तो नुसता वरचा डाग असतो, त्याने दुखत नाही आणि खड्डाही नसतो.

मग हिरड्या. यात चार-पाच गोष्टी वेगवेगळ्या ओळखता यायला हव्यात. दात येणार त्या जागी निळसर, फुग्यासारखा उंचवटा असेल तर बघून घाबरायला होतं पण ते बहुतेकदा दात येतानाचंच असतं, दात बाहेर आला की जातं, सुईने टोचायचं नाही. किडलेल्या दाताच्या मुळाशी हिरडीवर छोटी पुळी, पिवळं टोक असलेली, दाबली की पू येतो, म्हणजे दाताच्या मुळाशी इन्फेक्शन झालंय. गंमत म्हणजे पुळी फुटली की दुखणं थांबतं, मूल खेळायला लागतं, आणि घरचे म्हणतात बरं झालं. बरं झालेलं नसतं, पूला बाहेर यायला वाट मिळालेली असते एवढंच, इन्फेक्शन आत चालूच राहतं आणि खालच्या पक्क्या दातालाही त्याचा त्रास होऊ शकतो.

सगळ्याच हिरड्या लालभडक, सुजलेल्या, हात लावला की रक्त, सोबत चांगला ताप आणि ओठावर-जिभेवर छोटे फोड असतील तर ते दाताचं दुखणंच नाही, तो व्हायरस असतो, साधारण 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना होतो आणि बरा व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. यात मूल पाणी पिणंच सोडतं, खरा धोका तो. तोंडासोबत तळहात-तळपायावर पुरळ असेल तर हँड फूट माउथ असू शकतो, पाळणाघरात आणि बालवाडीत एकाला झाला की भराभर पसरतो. दोन्हीत डॉक्टरांना दाखवा, आणि गार, मऊ, आंबट-तिखट नसलेलं काहीतरी थोडं थोडं देत राहा, गार दूध, ताक, पेज, काहीही, पण पाणी पोटात गेलंच पाहिजे.

आणि शेवटचं, अडकलेलं. पॉपकॉर्नचं साल, चिकनचा धागा, पेरूची बी, हिरडीत रुतून बसली की मोठ्या माणसालाही सुचत नाही, पोरांचं काय. पाण्याने चूळ भरायला लावा, फ्लॉसचा दोरा हळूच दोन दातांमधून फिरवा. टाचणी, सेफ्टीपिन, आगकाडी घालायची नाही.

जी मुलं बोलत नाहीत त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं: एकाच बाजूने चावणं, कडक काही दिलं की ढकलून देणं, ब्रश बघितला की तोंड फिरवणं, घास तासभर गालात धरून ठेवणं. कान ओढत असेल तर कानही तपासून घ्या, दाढेचं दुखणं कानात जातं आणि कानाचं दाढेत.

अजून एक खूण फार कामाची. गार किंवा गोड लागलं की क्षणभर कळ आणि मग शांत, म्हणजे कीड अजून वरवर असू शकते, नुसत्या सिमेंटवर भागण्याची शक्यता आहे. पण काही न खाताही दुखतंय, रात्री झोपेतून उठून रडतंय, तर कीड बहुतेक दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीये. अशा वेळी एक आठवडा बघू असं करू नका.

तिसरं काम: रात्र निभावून न्यायची

डॉक्टर सकाळी भेटणार, आत्ता काय? कोमट पाण्याने चूळ, मूल थुंकू शकत असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ. गालावर बाहेरून गार कपडा 10 मिनिटं. सूज असेल तर गरम शेक नको, त्याने सूज वाढू शकते. डोक्याखाली उशी जरा उंच केली की ठणका कमी होतो.

दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल, आणि इथे मात्र लक्ष देऊन वाचा. डोस वयावर नाही, वजनावर असतो, प्रत्येक किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम एका वेळेला, दोन डोसमध्ये 4 ते 6 तासांचं अंतर, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता गोंधळ कुठे होतो बघा. आपल्याकडे 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 वालं सिरप मिळतं, 250 वालं मिळतं, आणि बाळांचे ड्रॉप्स असतात त्यात 1 मिलिलिटरमध्येच 100 असतं. म्हणजे 10 किलोच्या बाळाला 120 वालं 5 मिलिलिटर बरोबर आहे, पण तेवढंच 250 वालं दिलं तर डोस दुपटीवर गेला, आणि ड्रॉप्स चमच्याने 5 मिलिलिटर पाजले तर 500 मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नका, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, सोबत आलेलं माप किंवा सिरिंजच वापरा. सर्दीच्या औषधातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते चालू असेल तर दोन्ही मिळून जास्त होतं. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

आयबुप्रोफेन दाताच्या दुखण्यावर चालतं पण ते स्वतःच्या मनाने नको, खास करून पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नको. ॲस्पिरिन मुलांना देतच नाहीत, गोळी दातावर दाबून ठेवायला पण नाही, हिरडी भाजते. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात 2011 पासून बंद आहे, घरात मोठ्यांची पडलेली असेल तर तिकडे हात जाऊ देऊ नका. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नाही, त्याने दातातली कीड जात नाही.

दात येणाऱ्या बाळाला यातलं बहुतेक काही लागतही नाही. स्वच्छ बोटाने हिरडीला हलका मसाज, फ्रिजमध्ये गार केलेला ओला सुती रुमाल चावायला, किंवा रबराची भरीव रिंग, फ्रीजरमधली दगड झालेली नको आणि आत पाणी भरलेलीही नको. गाजराचा तुकडा, कडक बिस्किट देतात, ते तुटून घशात अडकू शकतं.

हे लावायचं नाही म्हणजे नाही

लवंगेचं तेल. मोठ्यांच्या दाताला डॉक्टर त्यातलाच घटक वापरतात हे बरोबर, पण बाळाच्या हिरडीला ते पोळतं, आणि 5-10 मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांना फिट आल्याच्या, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्यात. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

हिरडी बधिर करणारी जेल. बेन्झोकेनवाल्या जेलने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी औषधं विकू नका असं कंपन्यांना सांगितलं. लिग्नोकेनचंही तसंच, लाळेबरोबर गिळलं जातं. कोलीन सॅलिसिलेट असलेली तोंड आल्यावरची जेल घराघरात असते, ती ॲस्पिरिनच्याच कुळातली, ब्रिटनमध्ये 2009 पासून 16 वर्षांखाली वापरू नका सांगतात. मेडिकलवाला सहज देतो म्हणून ती बाळासाठी आहे असं नाही, ट्यूबवरची नावं वाचा.

मशेरी. अजूनही काही घरांत आजी स्वतः लावते आणि दुखतंय म्हणून नातवालाही चोळते. ती भाजलेली तंबाखू आहे, मुलाच्या हिरडीला एकदाही नको, आजीला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणंही नको, त्यातल्या जंतूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो. दात येण्यासाठी म्हणून गळ्यात घालायच्या माळा, त्याने गळ्याला फास बसू शकतो. आणि भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून किडा काढून दाखवणारे, दातात किडा नसतोच मुळी, साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि दात झिजतो. धुरीने तोंड भाजतं.

कधी सकाळची वाट बघायची नाही

गाल किंवा जबड्याखाली सूज वाढत चाललीये, डोळ्याच्या खाली सूज येऊन डोळा बारीक झालाय, तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय, किंवा सुजेसोबत ताप आणि मूल मलूल पडलंय, यातलं एक जरी असलं तरी त्याच वेळी हॉस्पिटल, रात्र असली तरी. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, तरीही. हिरडीतून रक्त येतंय आणि अंगावर कारण नसताना निळे डाग आहेत, मूल पांढरं पडलंय, तर डेंटिस्टच्या आधी बालरोगतज्ज्ञ.

पडून दात निखळला तर: दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, पण दात सापडला का ते बघा, सापडत नसेल तर श्वासनलिकेत गेला नाही ना हे डॉक्टरांना तपासू द्या. पक्का असेल तर मुळाला हात न लावता, तोंडात एरवी दिसतो त्या भागाला धरा, शक्य असेल तर त्याच जागी बसवा, नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे.

पुढचं दुखणं टाळायला

सगळं सांगत बसत नाही, दोनच गोष्टींवर जोर देते. एक, झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी होते, दूध दातावर साचून राहतं, समोरचे चार दात तपकिरी होऊन खुरटतात ते यामुळेच. बाटली एकदम बंद होत नाही, आधी साखर कमी करत न्या, मग दुधाऐवजी पाणी, आणि वर्षाच्या पुढे कप. आईचं दूध यासाठी तोडायची गरज नाही, दात आल्यावर दिवसातून दोनदा नीट पुसले-घासले की झालं.

दोन, पेस्ट. पहिला दात आला की ब्रश सुरू, आणि फ्लोराइडवाली पेस्ट, 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 मध्ये वाटाण्याएवढी. लहान मुलांच्या चित्रवाल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड कमी असतं किंवा नसतंच, ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण साधारण 1000 पीपीएम लिहिलंय ना ते बघून घ्या. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडच्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवा. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करायचा, मुलाच्या हाताला तेवढं वळण नसतं.

डॉक्टरांकडे काय होतं

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवायचं, दुखत नसतानाच, म्हणजे मुलाला खुर्चीची भीती बसत नाही. लहान मुलांचे वेगळे डेंटिस्ट असतात, पेडोडोंटिस्ट. खर्चाची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात, महापालिकेचं मुंबई सेंट्रलला नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, गोव्यात बांबोळीला, तिथे मुलांचा वेगळा विभाग असतो, वेळ लागतो पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, ती दातही बघते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

कीड वरवर असेल तर सिमेंट भरतात किंवा फ्लोराइडचं वार्निश लावतात. कधी चांदीचं औषध लावतात, त्याने कीड थांबते पण तो भाग कायमचा काळा होतो, आधीच विचारून घ्या म्हणजे नंतर धक्का बसत नाही. नसेपर्यंत गेली असेल तर दुधाच्या दाताचंही रूट कॅनल होतं आणि वर स्टीलची टोपी बसवतात, दुधाच्या दाताला एवढा खर्च कशाला असं वाटेल तेव्हा ती दाढ अजून किती वर्षं राहणार आहे हे डॉक्टरांना विचारा आणि मग ठरवा. दात काढावाच लागला तर जागा राखायला तारेची छोटी पट्टी लागेल का हेही त्याच दिवशी विचारा.

मुलाला घरून सांगताना सुई, दुखणार, काढणार हे शब्द नकोत, आणि काहीच करणार नाहीत असंही खोटं नको, डॉक्टर दात मोजतील आणि साफ करतील एवढं पुरे. भूल दिली असेल तर दोन-तीन तास लक्ष ठेवा, ओठ बधिर असतो, मुलांना गंमत वाटते आणि ते चावत राहतात, संध्याकाळी ओठ टम्म सुजून वर पांढरट थर दिसतो. तो थर पूसारखा वाटतो, पण बहुतेकदा जखम भरतानाचा असतो, खरवडायचा नाही, आठवडा-दोन आठवड्यांत भरते. जेवण बधिरपणा गेल्यावरच द्या, तोपर्यंत पाणी चालेल.